मापाडी आणि अक्कांचं ताट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पथकाने मापाडी नावाचं एक अ‍ॅडऑन परीक्षेसाठी आठ दिवस घरी ठेवून घेतलं, आणि पहिल्या दिवशीच त्याला मिरचीचा खोकला लागला.

लागणारच. आमची दळणाची आणि मिरची कांडपाची गिरणी आहे. उन्हाळाभर मिरची कांडायचे डंक चालू असतात आणि खालच्या आळीत शिरल्यावर न शिंकता बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिला नाही. मापाडी दुपारच्या एसटीने आलं. शर्ट खोचलेला, हातात एक पिशवी. चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि थेट माजघराच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, छताला लागून जाऊन थांबलं.

मी म्हटलं, "अरे, खाली बस की."

"मला तिथेच सवय आहे मॅडम," ते खोकत म्हणालं. "कधी मध्ये आलो तर कॉलर धरून बाजूला सरकवा. राग नाही येत."

अंगाने ते जरा पारदर्शक होतं. त्याच्या पाठीमागचं कॅलेंडर त्याच्यातून नीट वाचता येत होतं, त्यामुळे आमची काही अडचण झाली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सातगड हा मोबाईलवर खेळायचा खेळ. खेळ कंपनीचा, खेळणाऱ्या आम्ही. अ‍ॅडऑन या दोघांपैकी कुणाचंच नसतं. तिसऱ्याच कुणीतरी ते केलेलं असतं, आणि खेळताना बाजूला उभं राहून ते माहिती देतं: कुणाचा वार किती लागला, राक्षसाची ताकद किती उरली. त्याने फक्त दाखवायचं, स्वतः खेळायचं नाही, असा कंपनीचा कडक नियम आहे. अ‍ॅडऑनने नियम मोडला तर सगळ्या पथकाची खाती कायमची बंद. म्हणून परीक्षा घ्यावी लागते.

परीक्षा घ्यायची आमची पद्धत ठरलेली आहे. आठ दिवस घरात ठेवायचं आणि जेवू घालायचं. मालन डांगेची सून आम्ही अशीच पाहिली. पाहून तीन वर्षं झाली, अजून कुणाची तक्रार नाही. गिरणीची नवी मोटारही अशीच पाहिली. मोटार जेवली नाही, पण पान वाढलं होतं.

मी रत्नमाला येवले, खालची आळी महिला पथकाची अध्यक्ष. आमच्यासारखं पथक साऱ्या तालुक्यात नाही, आणि हे मी घरचं म्हणून सांगत नाही. आम्ही सातगडचे सहा गड घेतलेत. सातव्या गडावर काळदऱ्या नावाचा राक्षस बसतो आणि त्याच्यापुढे आम्ही आजवर प्रत्येक वेळी हरलो. पण कसं हरलो ते महत्त्वाचं आहे. काळदऱ्याच्या दारात गेलं की आम्ही आधी त्याला जेवायला घालतो. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई, वर तूप. तो जेवतो, हात धुतो, उठतो आणि आम्हाला मारतो. उपाशी माणसावर हात उचलायची पद्धत खालच्या आळीत नाही, मग तो माणूस राक्षस का असेना. उपाशी मारून जिंकणारी पथकं पैशाला पासरी मिळतील.

वरच्या आळीचं पथक असंच एक. त्यांनी गेल्या साली सातवा गड घेतला, तीन महिने ठेवला आणि घालवला. घालवला तरी मिरवणं थांबलं नाही. बाजारात मालन दिसली की विचारतात, "काय डांगेबाई, यंदा मेनू काय?" मालन आमच्या पथकाची उपाध्यक्ष. मापाडीला तिनेच बोलावून घेतलं होतं.

आणि ते ताट करतात माझ्या थोरल्या जाऊबाई, चंद्रभागा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. खेळात विकतचं ताटही मिळतं, पण विकतचं पाहुण्यापुढे ठेवणं आम्हाला जमत नाही. अक्का घरात स्वयंपाक करतात, ताट मोबाईलसमोर धरतात आणि काळदऱ्या ते घेतो. कसा घेतो ते कंपनीला विचारा. ताट पुसल्यासारखं रिकामं परत येतं, एवढं मला ठाऊक आहे. अक्कांना वार करता येत नाही, त्यांचा अंगठा वातामुळे वाकत नाही. ताट हेच त्यांचं पथकातलं काम, आणि लढाईच्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. भावजी गेल्यापासून घराबाहेरचं म्हणावं असं त्यांचं तेवढंच राहिलंय.

परीक्षेला सुरुवात झाली. मापाडी घरात आल्यावर पंखा थोडा हळू झाला. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणालं, "जागा कमी लागेल असं करतो," आणि रात्रीतून स्वतःमध्ये सुधारणा करून घेतली. सकाळी त्याची मिशी गेलेली होती आणि पंखा पूर्ववत फिरत होता. गिरणीच्या किल्ल्या मी मुद्दाम फडताळावर उघड्या टाकल्या, कारण अशी कितीतरी अ‍ॅडऑन लोकांचे पासवर्ड उचलून नेतात. त्याने किल्ल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट म्हणालं, "किल्ल्या उघड्यावर आहेत, एवढं दाखवतो."

दाखवायची मात्र त्याला भारी खोड. कुणी काही करो, त्या माणसाच्या डोक्यावर आकडे यायचे. मी भाकरी थापली की माझ्या डोक्यावर "गोलाई: बरी". दूधवाला आला की त्याच्या डोक्यावर "पाणी: तिसरा हिस्सा". दूधवाला दुसऱ्या दिवसापासून टोपी घालून यायला लागला, पण आकडा टोपीच्याही वर यायचा.

जेवणाच्या वेळी ते खाली उतरायचं. पहिले दोन दिवस नीट जेवलं. तिसऱ्या दिवशी पानावर बसेना.

अक्का म्हणाल्या, "का रं लेकरा, तिखट झालं व्हय?"

"नाही अक्का. एक पान बाकी दिसतंय. बाकी असताना मला बसता येत नाही."

"मग निवांत बस," अक्का म्हणाल्या. आम्ही पटापट जेवून गिरणीत गेलो. पाणी प्यायला परत आले तेव्हा मापाडी आणि अक्का चुलीपुढे समोरासमोर बसून जेवत होते. रोज तसंच व्हायला लागलं. मला त्याचं ते वागणं आवडलं, पण परीक्षकाने लगेच आवडलं म्हणायचं नसतं.

रविवारी प्रत्यक्ष लढाईत चाचणी घेतली. दुपारी डंक बंद ठेवले आणि आम्ही सगळ्या मिरचीच्या पोत्यांवर मोबाईल घेऊन बसलो. मापाडी वर कोपऱ्यात. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून ताट घेऊन आल्या, काळदऱ्या जेवला, हात धुतला आणि आम्हाला मारलं. नेहमीप्रमाणे आम्ही मान ताठ ठेवून पडलो.

"काय दिसलं ते सांग," मालन म्हणाली.

मापाडी घसा साफ करत राहिलं. खोकला होताच, पण कारण तेवढंच नव्हतं.

"सांगतो. पण अक्कांनी ऐकलंच पाहिजे असं नाही."

"मी न ऐकायला काय झालं?" अक्का म्हणाल्या. त्या रिकामं ताट पुसत उभ्या होत्या.

"पथक चांगलं आहे," मापाडी म्हणालं. "वार वेळेवर होतात, एकमेकींना सांभाळता. काळदऱ्यापेक्षा तुम्ही थोड्या भारीच आहात. पण त्या ताटाने त्याची ताकद तिप्पट होते. ताट दिलं नाही तर तुम्ही जिंकता. मला एवढंच दिसतं."

मालन माझ्याकडे वळली. "ताई, मी बोलले तर वाईट दिसंल. पर आपण इतकी वर्षं आपल्याच हातानं हरतोय. ह्याला पास करायचं आन ताट बंद करायचं. अक्कांनी घरात करावं, आपल्याला करावं. राक्षसाला कशापायी?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच त्रास होता. शिवाय अ‍ॅडऑन पास केलं की त्याने दाखवलेलं मानायचं, हा आमचाच ठराव आहे. पास केलं तर ताट जाणार, नापास केलं तर गड जाणार.

अक्का म्हणाल्या, "मालन बरोबर सांगती. ताट बंद करा. मला काय, मी बसून बघीन." एवढं बोलून त्या ताट घेऊन आत गेल्या. मापाडीने त्यांना ते पुसलेलं ताट परत पुसताना पाहिलं, मीही पाहिलं.

मला रात्रभर राग येत राहिला, कुणाचा ते ठरेना. सकाळी मी माजघरात जाऊन वरच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिले.

"आज तुझा आठवा दिवस. निकाल ऐक. तू प्रामाणिक आहेस, किल्ल्यांना हात लावला नाहीस, पंख्याचं ऐकलंस. कामात तू पास आहेस. पण ताट बंद होणार नाही. मी ठराव मोडेन, अध्यक्षपद सोडेन, आणखी पन्नास वर्षं हरेन. खालच्या आळीच्या दारातून कुणी उपाशी गेलं असं मी वरच्या आळीला म्हणू देणार नाही, आणि माझ्या जावेला कोपऱ्यात बसवून मला गड नको. सांग तुझ्या मालकाला."

मापाडी बराच वेळ मोजत असल्यासारखं दिसलं. मग छताजवळून खाली उतरून जमिनीवर उभं राहिलं. तसं ते जेवणाशिवाय कधी उतरत नसे.

"मॅडम, मी ताट बंद करा म्हणालोच नाही. ताटाने ताकद तिप्पट होते, एवढं दाखवलं. मग तुम्ही का जेवत नाही?"

"पाहुण्याच्या आधी जेवायचं?"

"आधी नाही. बरोबर. एका पंगतीला. तो तिप्पट, तुम्हीही तिप्पट. म्हणजे पुन्हा तुम्ही थोड्या भारी. आकडा जुळतो."

मी मालनला बोलावलं. मालनने बोटांवर हिशेब केला, दोनदा केला आणि पदराला हात पुसले. "ताई, जुळतंय. पर काळदऱ्याला पंगतीला बसवायचं कुठं? मोबाईलमध्ये एवढी पानं मांडायची म्हणजे..."

"अंगणात," मी म्हटलं. "मांडव घालू. रीतसर अक्षता देऊन बोलावू. नाही कसा येतो बघते."

"आणखी एक," मापाडी म्हणालं. "वाढणार कोण?"

"अक्का. त्यांचा मान आहे."

"अक्का वाढणार म्हणजे अक्का बसणार नाहीत. मी आठ दिवस बघतोय. पंगत उठली की सगळ्यांच्या डोक्यावर जेवण झाल्याचं येतं, अक्कांच्या डोक्यावर एकच येतं: बाकी. बाकी ठेवून मला पंगत दाखवता येणार नाही."

अक्का दारात उभ्या होत्या. "आरं, मी खाते की मागनं. वाढणारीला कोण वाढतं व्हय?"

आमच्याकडे हे खरंच अवघड आहे. पंगतीत यजमानाने वाढावं तर तो यजमान, पाहुण्याने वाढावं तर तो पाहुणा. पथकातली प्रत्येक बाई जेवायला बसणार, नाहीतर आकडा चुकणार. आणि अक्का तर सगळ्यांत मोठ्या. दुसऱ्या कुणाला वाढायला लावून त्यांचा मान काढून घेणं मला पटत नव्हतं.

मापाडी म्हणालं, "मी ना यजमान, ना पाहुणा. मी तिसऱ्याचा."

"तुला स्वतः काही करायची बंदी आहे. आमची खाती बंद होतील," मी म्हटलं.

"नियम मला पाठ आहे. मारणं, पळणं, उचलणं, विकणं, पळवाट शोधून देणं, एवढं अ‍ॅडऑनला मना आहे. वाढण्याचा उल्लेख कुठेच नाही." मग ते अक्कांकडे वळलं. "अक्का, स्वयंपाक तुमचा. मान तुमचा. मी फक्त हात. तुम्ही बसा."

अक्का वळून डाळ भिजत घालायला गेल्या. डाळ नेहमीपेक्षा जास्त घातली, हे माझ्या लक्षात आलं.

अंगणात मांडव घातला. काळदऱ्याला मी स्वतः अक्षता दिल्या. रीतसर बोलावणं आल्यावर जेवायला न जाणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. दुपारी बाराला आला. डोकं मांडवाला लागत होतं म्हणून मधला बांबू काढला. आल्या आल्या शिंकला, हात-पाय धुतले आणि दाखवलेल्या पाटावर मांडी घालून बसला. पाट दोन लागले. ठरलं होतं ते असं: जेवायचं, पान-सुपारी घ्यायची, तो गडावर परतणार, आम्ही मागोमाग जाणार आणि लढाई करणार. तो संध्याकाळपर्यंत आपल्या जागेवर परतला नाही तर गड समोरच्या पथकाचा, असाही सातगडचा एक नियम आहे. पण तो कुणाला कधी कामी आला नव्हता, त्यामुळे आमच्या डोक्यातही नव्हता.

मापाडी कंबरेला पंचा बांधून पळी घेऊन उभं राहिलं. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि सवयीने परातीकडे निघाल्या. मी त्यांचा दंड धरला आणि काळदऱ्याच्या शेजारच्या पाटावर बसवलं. पंगतीत त्यांच्यापुढे पान मांडलेलं मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. मापाडीने पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. अक्का पानाकडे नुसत्या बघत राहिल्या, मग पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "पुरण चांगलं जमलंय."

"अक्का, दर वेळी जमतं," काळदऱ्या म्हणाला. त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मला अभिमानाने भरून आलं. एवढ्या लांबच्या राक्षसाला आमच्या घरचं पुरण ठाऊक होतं.

आम्ही पोटभर जेवलो. अंगात ताकद आलेली कळत होती, मालनने तर भात संपण्याआधीच पाण्याचं पिंप एका हाताने सरकवलं. काळदऱ्याने शेवटचा घास घेतला, पानाभोवतालचे कण टिपले आणि उठायला एक गुडघा वर घेतला. तेवढ्यात त्याची नजर शेजारी गेली.

अक्का जेवत होत्या. पंगतीत मोठं माणूस जेवत असताना आपण उठायचं नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही शिकवावं लागत नाही. काळदऱ्याने गुडघा खाली घेतला आणि परत मांडी घातली. आम्हीही सगळ्या बसून राहिलो.

अक्का इतकी वर्षं चुलीपुढे दोन घासांत जेवण उरकत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांना कुणी काही मागत नव्हतं, कुणाचं पान रिकामं आहे ते बघायचं नव्हतं. त्या एकेक घास नीट चावून खात होत्या. मध्येच मापाडीला कुरडई मागितली. मध्येच काळदऱ्याकडे त्याच्या आईची चौकशी केली. ऊन मांडवाच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेलं. दिवस मावळला तेव्हा अक्का आमटीवर होत्या आणि सातव्या गडावर आमचं निशाण लागलं.

मालनला पहिल्यांदा कळलं. तिने मोबाईल बघितला, मला दाखवला आणि परत पालथा ठेवला, कारण पंगतीत मोबाईल बघत नाहीत. वरच्या आळीतून लगेच माणसं आली. कुंपणापाशी उभी राहून काळदऱ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बसायचं असेल तर पानं मांडते." त्यांना विचारायचं सुचलं नाही की यंदा मेनू काय.

आम्हाला गिरणी होती, पोरंबाळं होती, म्हणून अक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा बायकांना उठायची परवानगी दिली. काळदऱ्याने मागितली नाही. पाहुण्याने मागायची नसते.

आता दिवाळीची भाजणी दळायला यायला लागली आहे. मांडव तसाच आहे. गिऱ्हाइकं पोती घेऊन काळदऱ्याला वळसा घालून जातात, त्याच्या शिंकांचीही लोकांना सवय झाली. सातवा गड आमच्याकडे आहे आणि राहील. एवढे दिवस कुणाकडे राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मापाडी पास झालं. वरच्या आळीने त्याला परीक्षेसाठी मागितलं होतं, आम्ही कळवलं की ते वाढतंय, रिकामं झालं की बघू. खोकला पूर्ण गेला. अक्कांच्या डोक्यावर आता "बाकी" येत नाही, "चालू" येतं. येणारा-जाणारा ते वाचून जातो आणि मला फार बरं वाटतं.

परवा सकाळी काळदऱ्याने पहिल्यांदा विचारलं. आवाज अगदी हळू होता, मान खाली होती.

"अक्का, होत आलं का?"

"आलंच बाबा," अक्का म्हणाल्या. "ताकभात तेवढा राहिलाय." त्यांनी पान थोडं पुढे केलं, मापाडीने गरम भात वाढला आणि त्या शांतपणे कालवायला लागल्या.

मी गिरणीच्या दारातून बघत होते. हात पिठाचे होते, तसेच जोडले आणि यजमानाने म्हणायचं असतं ते म्हटलं, "सावकाश होऊ द्या."